दुसऱ्याच्या पायाचं माप

पाणी तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या माणसाला पाण्यात उतरायला बरोबर कोणी मिळू नये, यात पाण्याचा काही दोष नाही.

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिलीलिटर म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की मिलीलिटर. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात अपमान आहे असं त्यांना वाटत नसे. नुसतं लिटर म्हटलं असतं तर वाटलं असतं. लिटर हे माप फार ढोबळ आहे.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अशी दोघंच. ताई भाचीच्या बाळंतपणासाठी म्हणून गेली आणि बाळ रांगायला लागलं तरी तिकडचीच झाली. यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. भाचीला गरज होती, ताईला बाळ होतं. मिलीलिटरांना मात्र दोन कप चहा टाकायची सवय काही सुटेना, आणि दुसरा कप मोरीत ओतताना दरवेळी एखादा चांगला नमुना वाया घालवल्यासारखं वाटे.

अशात ते एकदा पोहण्याच्या तलावावर क्लोरीन तपासायला गेले. तिथे पाण्याच्या तळाशी चार माणसं पाठीला सिलिंडर बांधून मांडी घालून बसली होती. कोणी काही बोलत नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मिलीलिटर हातात बाटली धरून बराच वेळ काठावर उभे राहिले. प्रशिक्षकानं वर येऊन विचारलं, "काय साहेब, पाणी नापास?"

"पाणी पास आहे," मिलीलिटर म्हणाले. "हे शिकायला वयाची काही अट असते का?"

नसते. दोन महिन्यांनी मिलीलिटर नवशिक्या पाणबुड्याचं प्रमाणपत्र घेऊन घरी आले. शिकणारे विषम संख्येत होते, त्यामुळे सरावाला त्यांची जोडी प्रशिक्षकाशीच लागत असे. शेवटची परीक्षा एका जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात झाली आणि तिथे त्यांना एक टायर दिसला. आता खरा समुद्र तेवढा राहिला होता.

या विद्येचा पहिला नियम असा की एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. दोघांनी उतरायचं, एकमेकांवर नजर ठेवायची, एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची. नियम उत्तम आहे. मिलीलिटरांना तो तत्त्वतः पूर्ण मान्य होता. पंचाईत झाली ती सहल ठरवताना.

सहलीच्या वेबसाइटवर हंगाम, बोट, खोली, सगळं व्यवस्थित निवडून झालं. पुढे रकाना आला, माणसं किती. मिलीलिटरांनी एक लिहिलं. खालचं बटण राखाडीच राहिलं. दोन लिहिलं, ते लगेच हिरवं झालं. पुन्हा एक, पुन्हा राखाडी. शास्त्रीय शिस्त म्हणून त्यांनी हा प्रयोग तीनदा करून पाहिला. बटणाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एकट्यानं येणाऱ्यांनी कृपया फोन करावा.' ते त्यांनी वाचलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात हयात गेलेला माणूस बारीक अक्षर सोडत नाही. पण फोन उचलायचा आणि कुणा परक्या माणसाला आपण होऊन सांगायचं की मी एकटा आहे, हे काही त्यांच्याच्यानं होईना. त्यापेक्षा खोटं बोलणं सभ्यपणाचं वाटलं.

त्यांनी दोन लिहिलं.

मग दुसऱ्याची माहिती भरणं आलं. नाव जिभेवर आलं ते टाकलं. पुढे तेही त्यांना नीट आठवेना आणि ते त्याला मनातल्या मनात दुसराच म्हणू लागले. उंची, वजन, पायाचं माप हे मात्र मनाला येईल ते लिहिणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी संदर्भ काढले आणि प्रौढ पुरुषाची सरासरी लिहिली. पाय आठ नंबरचा. दुसऱ्याला काही झालं तर कुणाला कळवायचं, या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर दिला. नातं, मित्र. ते लिहिताना त्यांना उगाचच बरं वाटलं.

दोनच दिवसांत नोंदणीवाल्या मुलीचा फोन आला. आवाज हसरा होता, आणि मुलगी चौकस.

"काका, तुमच्या मित्रांचा वेगळा नंबर नाही का? दोन्हीकडे तुमचाच आहे."

"त्याला फोनवर बोलायला आवडत नाही."

"अय्या, माझे बाबा पण तसेच! बरं, त्यांना बोट लागते का?"

"आजपर्यंत तरी लागलेली नाही," मिलीलिटर म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

"आणि खालचा पलंग हवाय का कुणाला? एक वर आहे, एक खाली."

"त्याला द्या खालचा. पाठ दुखते त्याची."

पाठ कुठून आली ते त्यांनाही कळलं नाही. पण त्या दिवसापासून मुलीचा फोन आला की पहिला प्रश्न, मित्रांची पाठ कशी आहे? शेकता का म्हणावं. उशी बदलून बघा म्हणावं. मिलीलिटरांची स्वतःची मान त्या आठवड्यात चांगलीच अवघडली होती, पण तिची चौकशी कुणाकडून झाली नाही. जो माणूस नाही त्याच्याविषयी असूया वाटणं हे अशास्त्रीय आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि मानेला मलम लावलं.

पुढच्या फोनला मुलीनं शेवटची गोष्ट सांगितली. दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं हवीत. त्याशिवाय बोटीवर पाय नाही.

मिलीलिटर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती ऐकली, कानात बॅटरी मारली आणि म्हणाले, "कानाचा पडदाबिडदा ठीक आहे. पण या वयात हे काय खूळ? माणसं टेकडीवर फिरायला जातात."

"टेकडीवर हवा मोफत असते," मिलीलिटर म्हणाले. "तिची किंमत कळत नाही."

डॉक्टरांनी सही ठोकली. मिलीलिटरांनी घसा साफ करून विचारलं की अशीच एक एका मित्रासाठी मिळाली तर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मित्राला आणा की. माणूस बघितल्याशिवाय मी सही करत नाही. तुम्ही पाणी बघितल्याशिवाय करता का?"

बिनतोड होतं.

इथे दुसरा कोणीही असता तर त्यानं फोन करून सांगितलं असतं, मित्राचं जमत नाही, नाव काढा. पण प्रयोगशाळेत एक दंडक असतो. बाटलीवरची चिठ्ठी आणि आतलं पाणी जुळत नसेल तर चिठ्ठी खोडायची नाही. बाटली फेकायची, आणि चिठ्ठीबरहुकूम नवा नमुना आणायचा. मिलीलिटरांनी हा दंडक इतकी वर्षं पाळला होता की तो प्रयोगशाळेपुरताच आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. चिठ्ठी तयार होती. आता त्या मापाचा माणूस आणायचा.

सुरुवात कार्यालयातून केली. मुख्य कारकुनांची उंची बरोबर सरासरी होती. ते म्हणाले, "साहेब, मी शॉवरखाली सुद्धा उभा राहत नाही, जीव गुदमरतो. बादली बरी." भांडारपालांचं वजन चिठ्ठीला जुळत होतं, पण त्यांना वाटलं मिलीलिटर त्यांना बदलीच्या ठिकाणाबद्दल काही सुचवताहेत, आणि ते आठवडाभर समोरून येताना दिसले की जिना बदलू लागले.

मग इमारत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शाखाधिकारी बोलवायचा अवकाश, चहाला येऊन बसले. ताईचा कप त्या दिवशी सत्कारणी लागला. समुद्रात ते कधी गेले नव्हते, पण मत होतं.

"सिलिंडर घेताना वजन करून घ्या," ते म्हणाले. "कमी भरतात. सील बघायचं, आणि त्याच्या समोर बघायचं."

"तो हवेचा असतो."

"मग तर विचारूच नका. हवेत काय, कितीही मारता येते. आणि हे बघा, खिडकीकडची जागा मागा."

"पाण्याखाली खिडकी..."

"मागायला काय जातं?" शाखाधिकारी कप खाली ठेवत म्हणाले. ते सगळ्यावर बोलले. भरती, ओहोटी, विमा, पायात येणारे गोळे. स्वतः येण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

असं एकेकाला विचारत बसण्यात अर्थ नाही, हे मिलीलिटरांच्या ध्यानात आलं. आधी मापं जमवावीत, मग जुळेल त्यालाच विचारावं. उंची लांबून जोखता येते, वजनाचा अंदाज बांधता येतो. प्रश्न पायाचा. आणि इमारतीत पायाची मापं दाराबाहेरच ठेवलेली असतात.

रविवारी दुपारी, जेवून सगळे आडवे झाले असताना, मिलीलिटर खिशात पोलादी पट्टी घालून जिने चढू लागले. सचिवांचे बूट दहाचे, बाद. शाखाधिकाऱ्यांच्या चपला सातच्या, आणि टाचा एका बाजूला झिजलेल्या. हा माणूस डावीकडे कलून चालतो, आजवर लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांची एवढी माहिती त्यांना कधी मिळाली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, निवृत्त शिक्षिकाबाईंच्या दाराशी, काळे बंदाचे बूट होते. मिलीलिटर गुडघ्यावर बसले. पट्टी लावली. पुन्हा लावली. आठ. नेमके, तंतोतंत आठ! त्यांनी आनंदानं बूट छातीशी धरला, आणि दार उघडलं.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून कमावलेला आवाज होता.

"हे बूट कुणाचे आहेत?"

"कुणाचेच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी एकटी राहते. दारात पुरुषाचे बूट असले की चोर जरा विचार करतो. दुकानदाराला म्हटलं, सर्वसाधारण माणसाचं माप द्या." बाईंनी बूट त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुमच्याकडे असलाच कोणी या मापाचा, तर सांगा. नवेकोरे आहेत."

मिलीलिटर पट्टी खिशात घालून उठले. दुसऱ्याचे बूट मिळाले होते. आणि बाईंच्या दारातला हा नसलेला माणूसच बहुधा तो दुसरा असावा.

एवढ्यावर भागलं असतं. पण खालच्या काकू त्याच वेळी जिन्यातून गच्चीवरचे कपडे आणायला निघाल्या होत्या आणि त्यांनी एक सभ्य गृहस्थ परक्या दाराशी गुडघ्यावर बसून बूट उराशी धरताना पाहिला. संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं. बुधवारी सचिवांनी बैठक बोलावली.

बैठक वाहनतळात, घड्या घालायच्या खुर्च्यांवर. विषय एकच.

"साहेब, तुम्ही शिकलेले," सचिव म्हणाले. "लोकांच्या दारात पट्टी घेऊन बसता. आम्ही काय समजायचं?"

"मी तर म्हटलं करणीच," खालच्या काकू म्हणाल्या.

"करणीला मिलीमीटर लागत नाहीत हो काकू," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग काय चपलांचं दुकान काढताय?"

मिलीलिटर उठले. त्यांनी एक खुलासा मनात तयार करून आणला होता. तीन मुद्दे होते, सरासरी ही संकल्पना पहिल्यात होती. पण समोर बिऱ्हाडं दोघादोघांनी बसलेली दिसली आणि मुद्दे कुठे गेले ते कळेना.

"मला समुद्रात उतरायचंय," ते म्हणाले. "तिथे एकट्याला सोडत नाहीत. आणि मला बरोबर यायला कोणी नाही."

कुणाच्या तरी मोटारीचं इंजिन निवताना टकटक करत होतं, ते ऐकू आलं.

मग एकदम सगळे बोलू लागले. ताईंनाच न्या. जाहिरात द्या. माझ्या आतेभावाला पोहता येतं, पण तो परदेशात असतो. समुद्रच कशाला, तलावात उतरा, तिथे कोण विचारतो. काकूंनी कानात घालायला तेल सुचवलं. शाखाधिकाऱ्यांनी सिलिंडरचा मुद्दा पुन्हा मांडला. सगळे मनापासून बोलत होते, आणि मी येतो असं एकानंही म्हटलं नाही. शेवटी सचिवांनी ठराव केला की यापुढे पादत्राणं घराच्या आत ठेवावीत. ठराव एकमतानं संमत झाला. मिलीलिटरांनीही हात वर केला. न करणं वाईट दिसलं असतं.

जिन्यात शिक्षिकाबाईंनी त्यांना गाठलं. "माझे बूट आत गेले तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "आता चोर आला तर तुम्हाला हाक मारीन."

"मारा," मिलीलिटर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. जे वाक्य एका मुलीला सांगायचं टाळलं होतं ते अख्ख्या इमारतीला सांगून झालं होतं. आता तेच मापन पुन्हा घ्यायचं, एवढंच.

"मी एकटाच येणार आहे," ते म्हणाले.

"अरे देवा. मित्रांची पाठ?"

"पाठ नाही. मित्रही नाही. तुमचं बटण दाबलं जात नव्हतं म्हणून मी तो लिहिला."

"म्हणजे काका, ते नव्हतेच कधी?"

"नाही."

"मी तर त्यांच्यासाठी जाड गादी काढून ठेवली होती." तिचा आवाज खरोखर उतरला होता. मिलीलिटरांना एखाद्याच्या घरी दुःखद बातमी घेऊन गेल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "अहो, एकट्यानं येणारे पुष्कळ असतात आमच्याकडे. बोटीवर आम्हीच जोड्या लावतो. फोन करा असं लिहिलंय की खाली."

"वाचलं होतं."

"मग?"

मिलीलिटरांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"असू दे," मुलगी म्हणाली. "खालचा पलंग आता तुम्हाला देते. जाड गादीसकट."

समुद्रावर पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि पाण्याचा रंग, मिलीलिटरांच्या मते, शेऱ्यासह परत पाठवण्यासारखा होता. बोटीवर त्यांची जोडी एका आडदांड गृहस्थांशी लावली. यांची मोटार शिकवायची शाळा होती. बायको आणि दोन मुली धक्क्यावर बसून त्यांना हात हलवत होत्या, आणि ते बोट सुटल्यापासून बोलत होते.

"वीस वर्षं मी बाजूच्या सीटवर बसतोय साहेब," ते म्हणाले. "कसले कसले लोक शिकवले. भिंतीत घालतात, गाईत घालतात. मी घाबरत नाही. का? माझ्या पायाखाली पण ब्रेक असतो." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "इथे ब्रेक कुठे असतो हो?"

"इथे नसतो."

"नसतो," शिकवणीवाले म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसले.

उतरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराचं सामान तपासायचं असतं. शिकवणीवाल्यांनी मिलीलिटरांचा पट्टा ओढला, बक्कल दाबून पाहिलं, सिलिंडर हलवून पाहिला, खांद्यावरची पिळलेली पट्टी सरळ केली. मिलीलिटर हात बाजूला धरून उभे राहिले, शाळेत जाणाऱ्या मुलाचा सदरा कुणी नीट करावा तसे. मग त्यांनीही त्यांचं सगळं तपासलं, दोनदा, क्रमानं.

वाटाड्यानं खूण केली आणि तिघं दोराला धरून खाली जाऊ लागले. डोकं पाण्याखाली गेलं त्या क्षणी शिकवणीवाल्यांचा उजवा हात सवयीनं बाजूचा हातब्रेक शोधू लागला. तिथे मिलीलिटरांचं डावं मनगट होतं. त्यांनी ते धरलं. म्हणजे कसं धरलं, तर उतारावर गाडी सुटलेली असताना धरतात तसं.

खाली काहीच दिसत नव्हतं. पाण्यात गाळ तरंगत होता, हिरवट, दाट, आणि मिलीलिटरांनी हिशोबानं त्याचा गढूळपणा मर्यादेच्या कित्येक पट ठरवला. मासे असतील तर ते पलीकडे असतील. वाटाड्याचे पाय तेवढे पुढे हलत होते. थोड्या थोड्या वेळानं तो वळे, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करी आणि दोघांकडे बघे. ठीक आहे? याला उत्तर द्यावंच लागतं. मान हलवून चालत नाही, हातानं तसाच गोल करून दाखवावा लागतो. शिकवणीवाल्यांनी डाव्या हातानं गोल केला, कारण उजवा मोकळा नव्हता. मिलीलिटरांनी उजव्या हातानं केला, कारण डावा मोकळा नव्हता.

मिलीलिटरांची बोटं बधिर होऊ लागली. हात सोडा अशी खूण त्यांना शिकवलेली नव्हती. मुखवट्यामागे शिकवणीवाल्यांचे डोळे बशीएवढे झाले होते, आणि ते मिलीलिटरांकडे असे बघत होते की जणू या एवढ्या पाण्यात नीट चालणारी एकच गोष्ट आहे. मिलीलिटरांनी स्वतःहून गोल केला. ठीक आहे? शिकवणीवाल्यांनी जरा विचार करून उत्तर दिलं. ठीक. थोड्या वेळानं मिलीलिटरांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. वाटाड्यानं एकदा मागे वळून पाहिलं, दोघांचं हे चाललेलं बघितलं आणि आपला प्रश्न न विचारताच पुढे गेला.

वर आल्याबरोबर शिकवणीवाल्यांनी तोंडातली नळी काढली. "काय मजा आली साहेब! जबरदस्त! काही दिसलं का तुम्हाला?"

"काही नाही."

"मला पण नाही!" ते जोरात हसले. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, तो अजून तिथेच होता, आणि घाईनं काढून घेतला. बोट धक्क्याला लागली तशा मुली धावत आल्या, टॉवेल आला, आणि त्या घोळक्यात ते दिसेनासे झाले. त्यांचा नंबर घ्यायचा राहिला. त्यांनीही मागितला नाही. जोडी एका बुडीपुरतीच असते.

सोमवारी मिलीलिटर प्रयोगशाळेत हजर झाले. शाखाधिकाऱ्यांनी जिन्यातच फोटो मागितले होते, ते नव्हते. ताईनं फोनवर विचारलं होतं, मासे कसे होते रे. तिला त्यांनी सांगितलं, होते, पण भेटले नाहीत. समुद्रातून आणलेला पुरावा म्हणावा असा एकच होता. डाव्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा, स्वच्छ उमटलेले. शनिवारी ते जांभळे होते. आज कडा हिरवट होऊ लागल्या होत्या. पुढे पिवळे होतील, आणि मग त्वचेच्या नेहमीच्या रंगात मिसळून जातील. ही क्रिया ठरलेली आहे, तिला लांबवण्याचा उपाय नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई परीक्षानळ्या लावत होत्या. त्यांचं लक्ष गेलं. "अहो साहेब, हे काय? कुणी मारलं की काय?"

मिलीलिटरांनी मनगट उजेडाकडे धरून पाहिलं.

"मारलं नाही," ते म्हणाले. "धरलं होतं."

प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे गारठा होता. बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. मिलीलिटरांनी तो सगळा आठवडा बाह्या कोपरापर्यंत दुमडून काम केलं.